मॉडेल नंबर तोच होता

बायको परदेशातल्या मराठी मुलांना रोज सकाळी लॅपटॉपवरून मराठी शिकवायची. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत तेवढा तासभर टीव्ही बंद असे. तिचा लॅपटॉप गेला तेव्हा दुसरा निवडायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. पैसे मोजून घेतलेलं यंत्र आतून काय करतंय हे कंपन्या आपल्याला बघू देत नाहीत, याची मला भारी चीड. म्हणून आमच्या घरात फक्त ओपन सोर्स, म्हणजे आतलं सगळं उघड असलेली सिस्टिम, आणि तीही कंपनीची एकसुद्धा बंद, आत डोकावता न येणारी फाइल न घालता चालली पाहिजे, हा माझा हट्ट.

अशा सिस्टिमवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या याद्या आठवडाभर वाचून मी एक जुनं मॉडेल हेरलं आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलं. नंबर दोनदा ताडून पाहिला. घरी येऊन सिस्टिम टाकली, तर वायफाय दिसेचना. कंपनीने मधेच कधीतरी आतलं वायफायचं कार्ड बदललं होतं आणि नंबर तोच ठेवला होता. निर्लज्ज लेकाचे! या कार्डाला कंपनीची बंद फाइल हवी होती.

ती घालायला दोन मिनिटं लागली असती. मी घातली नाही.

"दुसरं कार्ड मागवलंय. तोवर मोबाइलवर घे वर्ग," मी म्हणालो.

"अरे, मोबाइलवर मुलांना अक्षरं नीट दिसत नाहीत. आत्ता घाल ना ती फाइल, मग काढ."

मी तिला स्वातंत्र्यावर व्याख्यान दिलं. तेही तिच्या वर्गाच्या वेळेला.

कार्ड यायला नऊ दिवस लागले. तोवर पालकांनी तक्रार केली आणि तिचा वर्ग दुसऱ्या बाईंकडे गेला. मी कार्ड बसवलं. वायफाय झकास चालू झालं, एकही बंद फाइल न घालता. बायकोने त्या लॅपटॉपला हातही लावला नाही.

आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. माझे वडील गिरणी कामगार. संपात शेवटपर्यंत कामावर गेले नाहीत, आणि त्याचा मला लहानपणापासून अभिमान. तो मी त्या दिवशीही बोलून दाखवला. म्हटलं, बाबांनी नव्हतं का तत्त्व धरलं?

आईने मान वर केली नाही.

"धरलं ना. पाच वर्षं लोकांची धुणीभांडी केली मी," ती म्हणाली. "पण त्यांनी निदान स्वतःची नोकरी घालवली रे."