खलिफा सिटीतली पानगळ

माझ्या सासूबाई एकदा माझ्या हातून हरवल्या आहेत.

बाजारात नाही, विमानतळावर नाही. आमच्याच हॉलमध्ये, मी समोर बसलेलो असताना. त्या वेळी घरात मी सोडून दुसरं मोठं माणूस नव्हतं, त्यामुळे दोष वाटून घ्यायचीही सोय नव्हती.

सुरुवात केली माझ्या मुलीने. सई अकरा वर्षांची आहे, जन्म अबू धाबीचा, आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायचं हा तिचा बाणा. त्या नोव्हेंबरात तिच्या वर्गातल्या मुलींनी ठरवलं की ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांनी 'कोझी ऑटम' साजरा करायचा. म्हणजे जाड ब्लँकेटात शिरायचं, मेणबत्त्या लावायच्या, हॉट चॉकलेट प्यायचं आणि त्या ऋतूला शोभतील अशी पुस्तकं वाचायची.

"अगं, पण ऑटम आहे कुठे?" मी खिडकीबाहेर बघत म्हणालो. बाहेर ऊन भाजत होतं आणि कंपाउंडमधलं खजुराचं झाड हिरवंगार उभं होतं. आमच्याकडे पानं आपणहून गळत नाहीत. शिडी घेऊन माणसं येतात आणि ती कापून नेतात.

"बाबा, ऑटम इज नॉट वेदर. इट्स अ फीलिंग!"

ते फीलिंग आणायला आम्ही मॉलमध्ये गेलो. लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या पानांची माळ घेतली आणि दोन ब्लँकेटं घेतली. ही साधी ब्लँकेटं नव्हेत. पांढरीशुभ्र, केसाळ, टोपीवाली, बाह्या असलेली, अंगात घालायची. सईचं तिच्या मापाचं होतं. माझ्या मापाचं शिल्लक नव्हतं म्हणून मला त्याहून मोठं मिळालं. ते माझ्या पायाखाली येत होतं आणि बाह्यांतून हात बाहेर येत नव्हते.

पुण्याहून आठवड्यापूर्वीच आलेल्या सासूबाईंनी ती पानं उलटीसुलटी करून पाहिली.

"मिलिंदराव, पैसे देऊन पाचोळा आणलात?"

"हो, आई."

"रुपयांत किती पडले?"

"नका विचारू. तुमचं बीपी वाढेल."

वाचायच्या पुस्तकाचा प्रश्न मात्र सासूबाईंनीच सोडवला. त्यांनी चकली, चिवडा आणि मेतकुटाच्या खाली दडपून एक दिवाळी अंक आणला होता, आणि त्यात एक चांगली वीस पानी भयकथा होती. मला स्फुरण चढलं. शरद ऋतूत अंगावर पांघरूण घेऊन वाचायची आपली मराठी माणसाची परंपरा काय कमी आहे की काय! मी जाहीर केलं, "शनिवारी संध्याकाळी सामुदायिक वाचन. मी वाचणार!"

इथे एक सांगायला हवं. मी एका कंपनीत सेफ्टी मॅनेजर आहे. आग लागली, लिफ्ट अडकली, तर काय करायचं हे मी लोकांना शिकवतो. 'घाबरू नका' हे माझ्या भाषणातलं पहिलं वाक्य. आणि मी स्वतः भयंकर भित्रा आहे. (हे त्या शनिवारपर्यंत घरात फक्त मला माहीत होतं.)

शनिवारी माझी बायको अनघा ड्यूटीवर होती. जाताना ती एवढंच म्हणाली, "आईकडे लक्ष ठेव. तिला इथलं काही माहीत नाही. बाकी घर गेलं तरी चालेल."

संध्याकाळी सईने पडदे ओढले, मेणबत्त्या लावल्या, टीव्हीवर फायरप्लेसचा व्हिडिओ लावला. लाकडं कडकड जळायला लागली. आता फक्त थंडी हवी होती.

"यल्ला बाबा, हरी अप! एसी सिक्स्टीन!"

मी एसी सोळावर नेला. आमच्या हॉलचा एसी जुना आहे. तो नेहमी आजारी असतो, पण त्या दिवशी त्याला जणू कोणी बढती दिली होती. सासूबाई बरोबर त्याच्या झोताखालच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी शाल घेतली. मग सईची ओढणी कानांना बांधली. मग त्या नुसत्याच माझ्याकडे बघत राहिल्या. पण मी वाचकाच्या भूमिकेत शिरलो होतो. टोपी डोक्यावर, हॉट चॉकलेटचा मग हातात, अंक मांडीवर.

कथा अशी होती. खाडीकाठचं एक गाव. एका म्हातारीचा मुलगा होडीसकट बुडालेला. पुढच्या वर्षी धुक्याच्या एका संध्याकाळी तो परत येतो. पांढराफटक, अंगातून पाणी ठिबकतंय. मागच्या दाराशी उभा राहतो आणि हाका मारतो, "आई… दार उघड… मला थंडी वाजते…"

मी जीव ओतून वाचत होतो. वारा मीच, खाडी मीच, घुबडही मीच. भूत बोलण्याआधी घशातून एक लांब "हूंऽऽऽ" काढत होतो. तो आवाज इतका चांगला जमला की माझ्याच पाठीतून मुंग्या गेल्या. पुढचं "हूं" काढायची मला हिंमत होईना, पण सई डोळे विस्फारून ऐकत होती आणि बापाची इज्जत पणाला लागली होती.

"…म्हातारीने दाराच्या कडीला हात घातला," मी वाचलं, "आणि तेवढ्यात…"

तेवढ्यात आमच्या छपरावरून एक विमान गेलं. विमानतळ जवळच असल्याने ती रोज जातात, पण हे बहुधा घरातून गेलं. तावदानं थरथरली, टीव्हीवरची शेकोटी 'तुम्ही अजून बघताय का?' असं विचारून विझली, एसीच्या झोताने मेणबत्त्या गेल्या आणि मागच्या बाजूला कुठेतरी एक दार धाडकन आपटलं.

मी किंचाळलो नाही. (सईचं मत वेगळं आहे.)

धडपडत दिवा लावला. सई सोफ्यावर होती. सासूबाईंची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर घडी घातलेली शाल, शालीवर त्यांचा चष्मा. आणि खाली त्यांच्या सपाता, जशाच्या तशा, शेजारी शेजारी. फक्त त्यांतली सासू नव्हती.

"आई?" मी म्हणालो.



बाथरूम पाहिलं. दोन्ही बेडरूम पाहिल्या. पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडलं, आणि मग वॉशिंग मशीनचंही झाकण उघडलं.

"बाबा! शी इज अ पर्सन, नॉट अ सॉक!"

"तू गप्प बस आणि आजीचा मोबाइल लाव!"

सईने लावला. तत्क्षणी माझ्या पाठीमागच्या उशीखालून घंटानाद सुरू झाला आणि एवढ्या धावपळीतही हातात राहिलेला हॉट चॉकलेटचा मग उडून सगळाच्या सगळा माझ्या अंगावर आला. मोबाइल घरात, चष्मा घरात, चपला घरात. पुढचं दार पाहिलं, तर आतून कडी! माणूस आतून कडी लावून बाहेर कसा जाईल?

आणि माझा फोन वाजला. अनघा.

"काय चाललंय? आई काय करतेय?"

"आई… वाचतायत."

"दे जरा तिला."

"नको. फारच गुंगून गेल्यात."

"तुझा आवाज का असा येतोय?"

"थंडीने."

"थंडीने? मिलिंद, मी सिग्नलला आहे. पोचतेच."

फोन ठेवला आणि मग मात्र मला खरी भीती वाटली. भुताबिताची नव्हे. बहात्तर वर्षांची बाई, चष्म्याशिवाय, अनवाणी. तिला ना अरबी येत, ना आपल्या घराचा पत्ता सांगता येत. कंपाउंडचं फाटक ओलांडलं की पुढे सरळ रस्ता, आणि त्यावर गाड्या अशा सुटतात की मी स्वतः पलीकडे जायचं असलं तरी गाडीने जातो. मी देवाला म्हटलं, आई सापडू देत, मी पुन्हा आयुष्यात कुठलाही ऋतू साजरा करणार नाही.

"बाबा, लुक," सई हळूच म्हणाली. किचनचं मागचं दार अर्धवट उघडं होतं आणि आपोआप हलत होतं.

"तू इथेच थांब," मी म्हणालो आणि तसाच बाहेर धावलो.

आमचा व्हिला तीन कुटुंबांत विभागलेला आहे. मागचं अंगण सामाईक, तिन्ही किचनची दारं अंगणात. बाहेर पाय ठेवला आणि सोळा अंशांतून आलेल्या माझ्या चष्म्यावर बाहेरच्या दमट हवेने झटकन धुकं धरलं. पांढरं, दाट, आरपार काही दिसेना! पुसावं तर हात बाह्यांत अडकलेले. मी दोन्ही हात पुढे करून चाचपडू लागलो. ब्लँकेट पायात येऊन एकदा बादलीवर पडलो, उठलो, आणि थंडीने की भीतीने कोण जाणे, थरथरत्या आवाजात हाका मारू लागलो.

"आई… आई…"

भिंत लागली. भिंतीला धरून सरकत एका दारापर्यंत आलो. मला वाटलं, फिरून आपल्याच दाराशी आलो आणि सईने घाबरून कडी लावली.

ते दार आमचं नव्हतं. ते परकारांचं होतं. सलीमभाई परकार आणि झुबेदाभाभी मूळचे दापोलीकडचे, गेली पंचवीस वर्षं इथे. आत भाभी घावने घालत होत्या, किचन मस्त गरम होतं, आणि तव्याशेजारच्या स्टुलावर सईचे गुलाबी क्रॉक्स पायात घालून माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांचं माहेर दापोलीचं. दोघींची दोस्ती आठवडाभरात झाली होती, फक्त मला पत्ता नव्हता. आणि त्या क्षणी त्या भाभींना, त्यांच्या सुनेला आणि पाच वर्षांच्या नातीला, आलियाला, गोष्ट सांगत होत्या. तीच गोष्ट! अंक त्यांनी विमानातच वाचून संपवला होता.

"…आणि बरं का झुबेदा, तो मागल्या दाराशी उभा राहतो. पांढराफटक. अंगातून सगळं ठिबकतंय. आणि म्हणतो…"

"आईऽऽ…" मी बाहेरून म्हणालो, "दार उघडऽऽ… थंडी वाजतेय…"

आत काहीतरी खणकन खाली पडलं.

मग चौघींनी एकाच वेळी जी किंकाळी फोडली, ती मी जन्मात विसरणार नाही. ती ऐकून मला वाटलं, भूत घरात शिरलंय आणि माझ्या पोरीला धरलंय! मी ओरडत दारावर धडक मारली. कडी नव्हतीच, दार उघडलं आणि मी हात पसरून, "हूंऽऽऽ" असा आवाज काढत (या वेळी अभिनय नव्हता) सरळ आत!

"या अल्ला!" भाभींनी हातात होतं ते फेकलं. हातात घावनांच्या पिठाचं पातेलं होतं. मी आधीच पांढरा होतो, आता ओलाही झालो. सुनेने पोरीला उचललं आणि ओट्यावर चढली. आतून सलीमभाई केरसुणी घेऊन धावत आले. "कोण आहे? कोण आहे रे तू?"

"मी… मी…" मला माझं नाव आठवेना.

"थांबा, थांबा! मारू नका!" सासूबाई पुढे झाल्या. चष्मा नसल्याने त्यांनी माझ्या तोंडाशी तोंड आणून मला नीट न्याहाळलं. बराच वेळ न्याहाळलं. मग जरा नाराजीनेच म्हणाल्या, "हे आमचे जावई आहेत."

"हबीबी, आप?" सलीमभाईंनी केरसुणी खाली केली, पण ठेवली नाही.

मी मात्र सासूबाईंचे दोन्ही हात धरले आणि चक्क रडायला लागलो. "आई, न सांगता कशा आलात? मला वाटलं तुम्ही रस्त्यावर…"

"न सांगता? सांगून आले की! म्हटलं, मिलिंदराव, इथे माझी हाडं गोठली, मी चुलीपाशी ऊब घेऊन येते. तुम्ही 'हूंऽऽ' म्हणालात."

"ते भुताचं 'हूं' होतं, आई!"

"मला काय माहीत! एरवीही तुम्ही तसंच म्हणता."

तेवढ्यात मागच्या दारात अनघा उभी राहिली, मागे सई. अनघाने आधी आईकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या सुनेकडे, मग माझ्याकडे. माझ्या टोपीतून पीठ आणि चॉकलेट सारख्याच गतीने ठिबकत होतं.

"मिलिंद," ती शांतपणे म्हणाली, "तू तर म्हणालास आई वाचतायत."

"वाचल्या!" मी म्हणालो. "थोडक्यात वाचल्या!"

कोणी हसलं नाही. फक्त भाभी हसल्या आणि मग हसता हसता खाली बसल्या. मग सलीमभाई, मग सासूबाई. शेवटी उरलेल्या पिठाची घावने झाली आणि आम्ही सगळ्यांनी तिथेच खाल्ली, गरमागरम, नारळाच्या रसात बुडवून. सईने तर जाहीर केलं, "धिस इज द कोझिएस्ट!" ऑटम त्या कुटुंबाच्या किचनमध्ये फुकट मिळत होता, हे कळायला मला एवढा खटाटोप करावा लागला. एकटी आलिया मात्र शेवटपर्यंत ओट्यावरून खाली आली नाही.

डिसेंबरात व्हिलाच्या तिसऱ्या भागात राहणाऱ्या गोव्याच्या लिंडाबाईंनी मुलांसाठी छोटी ख्रिसमस पार्टी ठेवली. सांता व्हायला कोणी तयार होईना, म्हणून मी झालो. म्हटलं, झाली ती बेअब्रू धुऊन निघेल. लाल डगला, कापसाची दाढी, खांद्यावर पोतं. मुलं ओरडत धावत आली. मी घंटा वाजवली आणि भरघोस आवाजात म्हणालो, "हो हो होऽऽऽ!"

आलिया जागच्या जागी थिजली. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग आपल्या फ्रॉकच्या खिशातून स्वतःचं चॉकलेट काढलं, हात शक्य तितका लांब करून माझ्या पुढ्यात धरलं आणि अतिशय समजुतीने म्हणाली, "अंकल, टेक धिस. नाऊ प्लीज गो."

जगात इतके सांताक्लॉज असतील. पण मुलाने भेटवस्तू देऊन परत पाठवलेला बहुधा मी एकटाच!