दोन पाळ्यांची फाइल

दुकानात कॉम्प्युटर एक आणि ऑपरेटर आम्ही दोघी. सकाळी आठ ते दोन ती, दोन ते आठ मी. गोंदियाच्या बाजारातलं ते टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान. मी मुर्रीहून सायकलने यायचे, आणि स्टँड लावेपर्यंत ती चपला घालून निघायच्या तयारीत. आम्ही दारात उभं राहून बोललेलं मालकांना खपत नसे. "बातें घर जाके करो," म्हणायचे. घरं दोन टोकांना. म्हणून आम्ही मशीनमध्ये बोलायला लागलो.

एक साधी टेक्स्ट फाइल उघडली. ती सकाळी लिहून जायची, मी दुपारी वाचून खाली उत्तर लिहायचे. आधी कामाचंच होतं: अमक्या पत्रिकेत मामांचं नाव राहिलं, तमका गिऱ्हाईक प्रूफ न्यायला येईल. मग हळूहळू घरचं शिरलं. ती बोलायची तसंच लिहायची. "आज पाहुणे आले होते. पोरगा खाली पाहून पोहे खाऊन रायला होता. मी पोहा असती तं पसंत केली असती त्यानं मले." मी आपली शाळेतल्या निबंधासारखं लिहायचे आणि ती त्यावरून माझी टर उडवायची.

तीन वर्षांत ती फाइल इतकी फुगली की उघडेपर्यंत अर्धा कप चहा संपायचा.

मग तिचं लग्न ठरलं, पार राजनांदगावच्या पलीकडे. भांडी काय, सगळेच देतात. मी ठरवलं की आमची सगळी फाइल पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये घ्यायची, चांगल्या अक्षरात लावायची आणि बाइंडिंग करून तिच्या हातात द्यायची.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. मॅटर कधी कॉपी करायचं नाही, कटच करायचं. एकाच मजकुराच्या दोन प्रती राहिल्या की नेमकी जुनी, चुकांची प्रत छापायला जाते. एकदा अशीच एका पत्रिकेत लग्नाची तारीख चुकीची छापली गेली होती. दुसरी सवय लाइटची. ती कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून काहीही केलं की बोट आपोआप सेव्हवर. मी सगळं सिलेक्ट केलं, कट केलं आणि सवयीने सेव्ह केलं. म्हणजे रिकामी फाइल जपून ठेवली! आणि तीन वर्षांचं आमचं बोलणं दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेऊन पेस्ट केलं.

एवढं मॅटर एकदम त्याच्या घशात उतरेना. स्क्रीन पांढरी पडली. मी माउसला हातही लावला नाही, नुसती बसून राहिले. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून मेलेली होती.

लाइट आल्यावर मी फाइल उघडली. इतक्या चटकन ती कधीच उघडली नव्हती.

मी तिला सांगितलं नाही. लग्नात स्टीलचा डबा दिला. निघताना तिने कानात सांगितलं, "फाइल जपून ठेवजो वो." मी मान हलवली. त्या मानेची मला आजही लाज वाटते.

आता माझं स्वतःचं मशीन आहे. कोणाचा अख्खा प्रबंध आणून चिकटवला तरी पापणी लवायच्या आत बसतो. गिऱ्हाईक खूश होतं, मला मात्र त्या मशीनचा राग येतो. हे तेव्हा कुठे गेलं होतं? आणि तिची आठवण येते. कामात असले तरी येते.

या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "इथं सगळे छत्तीसगढी नाही तं हिंदी बोलतात. मी काही बोलली की पोरगी म्हणते, मम्मी, क्या बोल रही हो. आपली फाइल पाठव ना वो. मले आपलं बोलणं वाचाचं आहे."

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. मी म्हणाले, "पाठवते."

आणि आठवून लिहायला बसले. नवल म्हणजे तिचं सगळं आठवत होतं. पोह्यांचं, मालकांच्या शिंकांचं, आईशी भांडून उपाशी आली होती त्या दिवसाचं. माझं एकही वाक्य आठवेना. मग तिथे जेमतेम ठिगळं लावली. पंधरा दिवसांनी ते सगळं तिच्या मेसेजच्या चौकटीत पेस्ट केलं. क्षणभर स्क्रीन अडकली. मग मेसेज गेला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "हे ते फाइल नाही."

मग मी सगळं सांगितलं. कट, सेव्ह, लाइट, आणि इतकी वर्षं बोललेलं खोटं. "माझ्या हातानं गेली," म्हणाले, "माफ कर."

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"गेली तं गेली. पण तू माझंच काऊन लिवलं? मी काय लिवलं ते पाहाले थोडीच मागतली होती? मी तुझं शोधून रायली होती."

"माझं मला काहीच आठवत नाही."

"मले आठवते ना. घे लिहून."

आणि जिची ती टर उडवायची त्या माझ्या शाळेच्या मराठीत, एकेक शब्द सुटा करत, ती सांगू लागली, "'तुझं लग्न ठरल्याचं वाचलं. आनंद झाला असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. तुला खोटं लिहिणं मला जमत नाही.'"

ती थांबली. "लिवलं?"

मला कीबोर्ड धड दिसत नव्हता. "थांब जरा," मी म्हणाले, "सावकाश सांग."