ऑपरेटरबाईंच्या कानातली घरघर

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इमारतीत सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. एका मोठ्या रुग्णालयाचे फोन त्यांनी उभी हयात जोडून दिले. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. पण डॉक्टरांनी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं, तरी आज स्वारीचं घरी भांडण झालंय हे त्या ओळखत. आता त्या भाचीकडे राहत. भाची कामावर गेली की बाई कॉम्प्युटरपाशी बसायच्या, अंधांच्या वाचनालयाची सीडी घालायच्या आणि हेडफोन लावून पुस्तक ऐकायच्या.

एकदा ऐकता ऐकता वाक्यातले दोन-तीन शब्द गळाले. कानात बारीक घरघर झाली आणि आवाज परत आला. बाईंना वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. घरघर, शब्द गायब, परत आवाज.

बाईंच्या दादाचं, म्हणजे भाचीच्या वडिलांचं, ऐकणं असंच गेलं होतं. आधी कानात घरघर, मग तुटके शब्द, शेवटी काहीच नाही. त्याच्याशी पाटीवर लिहून बोलावं लागे. पण दादाला पाटी दिसत तरी होती. आपल्याला कोण, काय आणि कसं सांगणार?

त्या संध्याकाळी त्या याच विचारात बसल्या होत्या.

“आत्या, अगं कधीची विचारतेय, चहा टाकू का?”

“ऐकलं मी! ओरडतेस कशाला?” बाई खेकसल्या. खरं तर त्यांना पहिली हाक ऐकूच आली नव्हती. भाचीला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही.

घरघर वाढतच गेली. शेवटी एका दुपारी बाईंनी ठरवलं, उद्या जे होणार ते आजच करून बघू. पुस्तक चालू ठेवूनच त्यांनी हेडफोन काढला, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घट्ट कोंबले आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या.

पंख्याचा आवाज गेला. रस्ता गेला. आपलीच पावलं ऐकू येईनात. रोजचं घर, पण दार कुठल्या बाजूला, तेच कळेना. हात पुढे केला तर भिंत नाही, मागे केला तर खुर्ची नाही. “अगं आई गं,” त्या म्हणाल्या, आणि तेही नुसतं डोक्यातच घुमलं. चाचपडत हाताला टेबलाची कड लागली. ती त्यांनी जीव मुठीत धरून पकडली.

टेबल हलत होतं. बारीक थरथर वाढायची, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. अगदी कानातल्या घरघरीच्या चालीने. बाईंनी हात सरकवत नेला. कॉम्प्युटरच्या खोक्याशी थरथर सगळ्यात जास्त होती.

त्यांनी बोळे उपटून फेकले. हेडफोन लावला आणि तोच भाग पुन्हा ऐकला. शब्द पुन्हा त्याच जागी गळाले. कान बिघडला तर त्याच शब्दावर कसा अडेल? दुसरी सीडी घातली. तीही अडखळली, आणि नेमकं त्याच वेळी खोकंही थरथरलं. मग त्यांनी भाचीला फोन लावला आणि बोलायच्या आधीच त्यांना रडू फुटलं. रडत रडतच त्यांनी सगळं सांगितलं.

भाची धावतपळत आली. कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह साफ करायची बारीक ब्रशवाली सीडी तिने वाटेतच घेतली होती. ती फिरवल्यावर पहिलं पुस्तक सुरळीत चालू लागलं.

“आतल्या लेन्सवर धूळ बसली होती गं, आणि तू कानांना दोष देत होतीस! मला का नाही सांगितलंस?”

“बोलून दाखवलं की खरं होईल, असं वाटलं.”

भाचीने आत्याचा हात घट्ट धरला.

मग दुसरी सीडी घातली. ती सुरळीत चालली, पण मध्येच एका जागी आवाज तुटला. बाईंनी हेडफोन काढून भाचीपुढे धरला. भाचीने हेडफोन आपल्या कानाला लावला.

“मलाही नाही आलं ऐकू. चरा पडलाय सीडीवर.”

“नक्की?”

“नक्की.”

“परत ऐक.”

भाचीने परत ऐकलं. पुढे कितीतरी दिवस पुस्तक कुठे तुटलं की बाई ती जागा लक्षात ठेवायच्या, आणि भाची घरी येऊन हेडफोन लावेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.