इंदूरचं विमान आणि माझे कान

आधीच सांगते, मी नर्स आहे. वीस वर्षं सरकारी दवाखान्यात गेली. अंगात येणाऱ्या बायकांना मी अमोनियाची बाटली हुंगवून भानावर आणलेलं आहे, आणि त्यातल्या दोघींनी नंतर मला शिव्याही दिल्या. शिवाय छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली, तेव्हा देव्हारा मी स्वतः उचलून बाहेर नेला. त्यामुळे भूत, दृष्ट, पूर्वसूचना... यातलं काही माझ्या डोक्यात असायचं कारण नाही. तुमच्या मासिकातले अनुभव वाचून मी बहुतेक वेळा हसते. पण हा अनुभव माझा स्वतःचा आहे, तीनदा आलेला, आणि याचं मला हसू येत नाही.

गोष्ट अकोल्याची. साठ सालच्या अलीकडची-पलीकडची. गावाबाहेरच्या धावपट्टीवरून तेव्हा एका छोट्या खासगी कंपनीचं विमान आठवड्यातून दोनदा इंदूरला जायचं. सकाळी जायचं आणि दुपारी परत यायचं. कंपनीचं नाव घालत नाही, ती कधीच बंद झाली. माझा धाकटा भाऊ मधू तिथे मेकॅनिक होता. आम्ही मूळचे बार्शीटाकळीचे. आमच्या वस्तीतला यंत्रावर हात ठेवून पगार घेणारा तो पहिला. त्याची नोकरी म्हणजे आमच्या सगळ्या घराची मान ताठ, एवढं समजा.

मधूकडे विमानातल्या काट्यांची जबाबदारी होती. त्यात एक घड्याळासारखं यंत्र असतं, विमान जमिनीपासून किती उंच आहे ते दाखवणारं. ते हवेच्या दाबावर चालतं. विमानाच्या अंगावर दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात, तिथून नळीवाटे बाहेरची हवा यंत्रापर्यंत पोचते. मी विचारलं होतं, भोक बुजलं तर?

"मंग सुई आहे तितीच राह्यते," मधू म्हणाला. "चिखलदऱ्याच्या घाटात मोटार चढली का आपल्या कानाले दडे बसतात नं, तसंच समज. बाहेर काय चालू आहे ते त्याले कळतच नाई."

पहिला प्रसंग खंडेनवमीचा. सकाळी मी मेडिकल वॉर्डात एका म्हातारीची नाडी मोजत होते. एकाएकी दोन्ही कान बंद झाले. म्हातारीचे ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखा. सर्दी नाही, ताप नाही. नाक दाबून जोर लावला, काही उपयोग नाही. सवयीने घड्याळ पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं. पाऊण तासाने फट्कन कान उघडले. मी कामाला लागले, विसरूनही गेले.

संध्याकाळी मधू आला तो पांढराफटक पडून.

झालं होतं असं. सकाळी त्याने यंत्रं तपासली, कागदावर सही केली आणि चहाला गेला. तेवढ्यात बाकीच्यांनी विमानाची पूजा उरकली. खंडेनवमीला हत्यारांची, मशिनींची पूजा आपल्याकडे सगळेच करतात. मधू त्यात नसायचा, म्हणून त्याला कोणी बोलावलंही नाही. गणपत नावाचा म्हातारा झाडूवाला होता. त्याने भक्तिभावाने विमानाला दोन्ही बाजूंनी गंधाचे पट्टे ओढले. ते नेमके त्या भोकांवर. उन्हात गंध वाळून कडक झालं. विमान उडालं आणि यंत्राची सुई अकोल्याच्याच उंचीवर बसून राहिली. आभाळ स्वच्छ होतं, पायलट अनुभवी होता. चक्कर मारून, डोळ्यांच्या अंदाजाने त्याने विमान पाऊण तासात परत उतरवलं.

"किती वाजता उडालं?" मी विचारलं.

"दहा-वीस. पूजेपायी उशीर झाला."

मी ते योगायोग म्हणून सोडून दिलं. गणपत दोन दिवस रडत होता, पण मॅनेजरने ठपका ठेवला मधूवर. यंत्रं तुझी तर भोकंही तुझीच, सही तुझी तर जबाबदारीही तुझीच.

महिन्याभरात वरून सक्तीची ऑर्डर आली. विमान उभं असेल तेव्हा भोकांवर झाकणं लावायची, झाकणाला हातभर लाल पट्टी, उड्डाणाआधी झाकण काढायचं, भोकं पुसायची, दोघांनी बघून दोघांनी सह्या करायच्या. गंध, रंग, तेल काही लावायचं नाही. त्या लाल पट्ट्या मीच शिवून दिल्या, दवाखान्यातल्या जुन्या पडद्याच्या कापडाच्या.

दुसरा प्रसंग पुढच्या उन्हाळ्यातला. त्या दिवशी विमान उशिरा, दहाला निघणार होतं. आठ वाजता माझे कान बंद झाले. तसेच, तोच विहिरीतला आवाज. मी टेबलावरचा थर्मामीटर तोंडात धरला, रक्तदाब मोजून घेतला, सगळं ठीक. मग स्वतःवर चिडतच टांगा केला आणि ड्रेसवरच धावपट्टीवर गेले. नर्सला बघून उतारू एकमेकांच्या कानाला लागले. कापसाचे एक शेठ होते, ते म्हणाले, "काय सिस्टर, विमानाले इंजेक्शन देता काय?" सगळे हसले. शेठ काय म्हणाले ते मला नंतर मधूकडून कळलं. तेव्हा फक्त तोंडं दिसली.

मधू धावत आला. त्याचं बोलणं मी ओठांवरून ओळखलं. "काहून आली वं बाई? घरी काई झालं काय?"

"घरी ठीक आहे. माझे कान बंद झालेत. त्या दिवशीसारखे. भोकं बघ."

मी किती मोठ्याने बोलत होते कोण जाणे, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. "पायली. दोघांनी पायली. सह्या झाल्या."

"मग नळी खोल."

"ऑर्डरीत नळी नाई. तीन घंटे लागतात. आपण देव सोडले नं बाई? मंग हे काय घेऊन आली तू?"

"देव नाही म्हणतेय मी. कान म्हणतेय. खोल."

लहानपणापासून माझ्या शब्दाबाहेर न जाण्याची त्याला सवय होती, म्हणून त्याने खोलली. मॅनेजर ओरडत होता, उतारू सावलीत बसून घाम पुसत होते. मी लांब उभी होते. मधूने पाना लावून नळीचा पहिला जोड सैल केला, आणि त्याच क्षणी माझे कान उघडले. पाना खाली ठेवल्याचा खणकन आवाज मला पंचवीस-तीस पावलांवरून ऐकू आला.

नळीत काहीही निघालं नाही. धूळसुद्धा नाही. विमान एक वाजता गेलं आणि सुखरूप परत आलं.

"पण तू जोड सोडलास तेव्हा कान उघडले," मी त्याला सांगितलं.

"तुहे कान उघडले, माही नोकरी बंद होऊन राह्यली!" तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. मॅनेजरने लेखी ताकीद दिली होती. पुन्हा विनाकारण विमान थांबवलं तर कामावरून कमी. कंपनीची खोली नोकरीसोबतच जाणार होती, आणि त्याच्या बायकोला, सुशीलाला, तिसरा महिना होता. "यापुढं कान बसले का कापूस घालून बस. पन तिकडं येऊ नको बाई. हात जोडतो."

त्याचं बरोबर होतं. मी तसं त्याला म्हटलंही.

तिसरा प्रसंग त्याच वर्षीचा, पावसाळा सरतानाचा. पावसामुळे विमान सलग नऊ दिवस जागेवर उभं होतं. दहाव्या दिवशी जायचं ठरलं. सकाळी सात वाजता मी ड्यूटीवर निघाले, आणि दाराला कुलूप लावता लावता कान बंद झाले.

विमान साडेआठला होतं. समोर टांगा उभा होता, टांगेवाल्याने हात दाखवून विचारलंही. मला वेळ भरपूर होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर माणूस स्वतःशीच सांगायला लागतो की वेळ नव्हता, कळलं नव्हतं. मला वेळ होता आणि कळलंही होतं. मी कुलपात किल्ली तशीच धरून उभी राहिले आणि विचार केला. मागच्या वेळी नळीत काही निघालं नाही. आज गेले तर मधूची नोकरी नक्की जाते, आणि विमान पडेल हे मात्र नक्की नाही. एक गोष्ट नक्की, दुसरी नाही. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चालत दवाखान्यात गेले.

सगळी सकाळ मी बहिऱ्यासारखं काम केलं. डॉक्टर काय सांगतात ते त्यांच्या ओठांवरून ओळखत होते. अकरा वाजले, बारा वाजले. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. विमान तर सकाळीच उडून गेलं होतं, आता जाऊन तरी काय करणार होते?

बाराला पुढे काही मिनिटं झाली असताना कान उघडले. या वेळी फट् असा आवाज नाही. नुसते उघडले. वॉर्डाच्या टोकाला नळ ठिबकत होता, तो स्पष्ट ऐकू आला. मी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, उतरलं असेल, चला.

परतताना मेळघाटावर दाट ढग होते. उतरायला लागलेलं विमान सेमाडोहच्या पलीकडे डोंगराला लागलं. कोणीही वाचलं नाही. उतारूंमध्ये ते कापसाचे शेठ होते.

चौकशी बरेच महिने चालली. भोकं साफ होती. झाकणं वेळेवर काढलेली होती. मधूची आणि दुसऱ्याची, दोघांच्याही सह्या जागच्या जागी होत्या. दोष निघाला तो नळीत, आतल्या बाजूला. नळीत साचलेलं पाणी निघून जायला खाली एक छिद्र असतं, त्याचा ऑर्डरीत उल्लेखच नव्हता. तिथून कुंभारमाशी आत शिरली होती, आणि नऊ दिवसांत तिने मातीचं घर बांधलं होतं. नळी पूर्ण बंद झाली नव्हती, अडली होती. त्यामुळे सकाळी जाताना कोणाच्या लक्षात आलं नाही. उतरताना मात्र सुई मागे राहत गेली. यंत्र सांगत होतं अजून पुष्कळ उंची आहे, आणि खाली डोंगर आला होता. अपघाताची जी वेळ ठरली, ती आणि माझ्या घड्याळातली, यांत दोन मिनिटांचा फरक होता.

मधूवर काही ठपका आला नाही. जेवढं लिहिलेलं होतं तेवढं सगळं त्याने केलं होतं. नोकरी राहिली, खोली राहिली, सुशीलाला मुलगी झाली. म्हणजे कुलपाशी उभी राहून मी जे ठरवलं, ते सगळं तसंच झालं.

नंतर दुसरी ऑर्डर आली. त्या छिद्राला बारीक जाळी बसवायची, नळी ठरावीक दिवसांनी पूर्ण खोलायची, फुंकायची, तपासायची. विमान सलग उभं राहिलं असेल तर उडण्याआधी खोलायचीच, मग कितीही घंटे लागोत. कंपनीची दुसरीकडे जाणारी आणखी दोन विमानं होती, त्यांचं हे काम मधूने स्वतः केलं. जेवायला उठायचा नाही. एकदा खोललेली नळी पुन्हा खोलायचा. सुशीला म्हणायची, हे झोपेत पण फुंकतात.

मला अमरावतीला बदली मिळाल्यावर तिथल्या कानाच्या डॉक्टरांना मी दाखवलं. त्यांना विमानाचं काही सांगितलं नाही. त्यांनी दोन्ही पडदे तपासले, नळ्या तपासल्या. "सिस्टर, एवढे चांगले कान या वयात कमी लोकांचे असतात," म्हणाले. कधीकधी नळी आकुंचन पावते, मानसिक ताण असू शकतो, असंही म्हणाले. असेल. पण खंडेनवमीच्या सकाळी मला कसला ताण होता? आणि विमानाच्या नळीत काहीच नव्हतं तेव्हा, उन्हाळ्यात, कान का बसले? ते त्या वेळी उगाच बसले नसते तर तिसऱ्या वेळी मी टांग्यात बसले असते. याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या दिवसानंतर माझे कान एकदाही बंद झाले नाहीत. मी स्वतः मुद्दाम चिखलदऱ्याच्या घाटात जाऊन आले, तिथेही नाही.

कंपनी बंद पडल्यावर मधूही अमरावतीला आला. आता वलगाव रोडला मोटारींच्या दुरुस्तीचं काम करतो. एका रविवारी दुपारी तो माझ्या अंगणात रॉकेलने हात धूत होता. मी साबण द्यायला गेले. मान वर न करताच म्हणाला,

"बाई, एक विचारू काय?"

"विचार."

"त्या दिवशी मी फाटकाकडं पाहून राह्यलो होतो. सही करायच्या आधी. काहून ते मले नाई माहीत. वाटलं, तू येशीन."

मी साबण त्याच्या हातात दिला.

"तू आली असती नं, तर मी खोललं असतं. ताकीद गेली खड्ड्यात. पन तू नाई आली, तं म्हटलं सगळं बरोबर असन. म्हणून सही केली." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुहे कान त्या दिवशी ठीक होते नं?"

"ठीक होते," मी म्हणाले.

"मंग ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे एकदम सैल झाले, खूप दिवसांनी ओझं उतरवल्यासारखे. जाताना मुलीसाठी माझ्याकडचे चार पेरू घेऊन गेला.

त्याला अजून तेवढंच माहीत आहे. तुमचं मासिक त्याच्या घरी येतं, सुशीला वाचते आणि मग तो वाचतो. लेखाखाली माझं नाव पूर्ण छापा.