निळ्या छिटाची चिंधी

ओरिन टॅलमेज नावाला मार्शल, म्हणजे गावचा फौजदार. कॅन्ससमधल्या आमच्या गावात मोकाट कुत्री धरण्यापासून रस्त्याकडेच्या फळ्या ठोकण्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. टेक्सासहून गुरांचे कळप आले, की गुराख्यांची पिस्तुलंही त्यानेच ठेवून घ्यायची. गावात असेतो पिस्तूल त्याच्या खुंटीवर, गाव सोडताना परत. निम्म्यांना अक्षरओळख नाही, म्हणून ओरिन चिंधी फाडायचा. अर्धी पिस्तुलाला, अर्धी मालकाच्या हातात. चिंध्या अर्थातच बायकोच्या गोधडीच्या टोपलीतल्या. लव्हिना करवादायची, की माझी गोधडी तुझ्या खुंट्यांवर लटकतेय. तो मिशीत हसायचा आणि तिच्यादेखत आणखी एक फाडायचा.

गेला तो भर दुपारी, दारूच्या गुत्त्यात. एकाने बुटात पिस्तूल लपवलं होतं. ते मागायला ओरिन रिकाम्या हातांनी गेला आणि त्याच पिस्तुलाची गोळी लागून पडला. दुसऱ्याचं हत्यार मागताना आपलं कमरेला नको, हा त्याचा हट्ट. कसला मेला हट्ट!

अंघोळ घालताना लव्हिनाला त्याच्या खिशात निळ्या छिटाची अर्धी चिंधी सापडली. तिच्या लग्नाच्या झग्याची! उरलेली कुणा टग्याच्या पिस्तुलाला बांधली असणार, म्हणून त्या दुःखातही ती चिडली.

मारेकरी कोठडीत होता. ओरिनला पुरून आल्यावर वीसेक गुराखी तिच्या दारात उभे राहिले. त्यांचा म्होरक्या टोबायस टोपी काढून म्हणाला, "बाई, पिस्तुलांच्या खोलीची किल्ली द्या. त्याला कोठडीतून ओढून फासावर चढवतो. पहारेकरी आडवे आले तर पिस्तुलं लागतील."

तिलाही तो मेलेलाच हवा होता, खोटं कशाला बोला. तिने किल्ली मुठीत आवळली.

"ओरिनचा नियम ठाऊक आहे ना?" ती म्हणाली. "घोड्यांवर बसा. पिस्तुलं गावाबाहेर मिळतील. ती घेतली, की गावात परत पाऊल नाही."

एकेक करून सगळे घोड्यांवर चढले. तिने घाईघाईने सगळी पिस्तुलं छकड्यात भरली, नदीच्या उतारापर्यंत नेली आणि चिंधीला चिंधी जुळवून एकेकाला दिली. टोबायस शेवटी आला. डोळे पुसून त्याने पिस्तूल घेतलं आणि घोडा पाण्यात घातला. मागे कुणीच फिरलं नाही.

छकड्यात एकच उरलं होतं. ओरिनचं. त्याला निळ्या छिटाची चिंधी बांधलेली होती. गुत्त्याकडे जाताना स्वतःलाही नियम लावून गेला होता, शहाणा.

लव्हिनाने खिशातली अर्धी काढली, फाटलेल्या कडा जुळवल्या आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली.