नळी घालून आलेली बाई

"मोठ्यानं बोल. भिताडाला बी ऐकू जाऊ दे."

हे म्हणताना अक्का उजवा हात कानामागं धरायची. तिला कमी ऐकू येत होतं असं मुळीच नाही. मागच्या चुलीवर आमटी लागायला आली तर ती पाठमोरी असतानाही तिला आवाजावरून कळायचं. पण कोणी खालच्या आवाजात बोललं की तिचा हात कानामागं गेलाच म्हणून समजा. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिच्यासमोर कुजबुज करायची सोय नसते.

मी तिच्या खानावळीत भाकरी थापायला होते. चौसाळ्याला, हायवेच्या कडेला. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, दोन चुली. मला बोलायला पहिल्यापासून जमत नाही. कोणी विचारलं तर उत्तर घशापर्यंत येतं आणि तिथंच बसतं. पहिल्या दिवशी अक्कानं विचारलं, "भाकरी येती का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मान भाकरी थापणार हाय का? तोंडानं सांग." मी सांगितलं. तिनं कानामागं हात धरला. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठं काटवट माझ्या पुढं आली.

तिचा नवरा लवकर गेला होता. लेक गुलबर्ग्याकडं दिली होती. खानावळ तिनं एकटीनं चालवली. पिठलं, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि गरम भाकरी. कोणकोणत्या मुलखातले ट्रक तिथं थांबत! पंजाबी, मद्रासी, शिरूर कासारहून ऊसतोडीला निघालेले. भाषा सगळ्यांची जुळायची नाही, पण भाकरी जुळायची. एखाद्या ड्रायव्हरनं ताटात टाकलं की अक्का बाकड्याजवळ उभी राहून म्हणायची, "कावून? माझ्या हाताला काटे हायेत का?" तो खायचा.

त्या वर्षांत हायवेवर सगळंच बदलायला लागलं होतं. शेजारी फरशीचा ढाबा आला, तिथं केबलचा टीव्ही आला, थंड बाटल्यांचं कपाट आलं. अक्काच्या दिराच्या मुलाला, म्हणजे तिच्या पुतण्याला, तिच्या जागेवर तसंच दुकान घालायचं होतं. तो गोड बोलायचा. "काकू, आता तुमी आराम करा." अक्का म्हणायची, "आराम मेल्यावर लई मिळतो."

तिचं पोट दुखायचं हे मला माहीत होतं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती खायचा सोडा पाण्यात टाकून प्यायची आणि तांब्या उपडा करून पोटाशी दाबून बसायची. एक दिवस ती चुलीपुढं उठताना तिथंच बसली. चेहरा राखेसारखा झाला. परसाकडला काळं पडत होतं, हे तिनं कोणाला सांगितलंच नव्हतं. जिला सगळं मोठ्यानं हवं असायचं, तिनं हे एवढं पोटातच ठेवलं होतं.

पुतण्यानं जीप करून तिला बीडला नेलं. तिथं एका डॉक्टरांनी नवीन दुर्बीण आणली होती. तोंडातून नळी घालून पोट बघायची. आमच्या भागातून अशी नळी घालून घेणारी अक्काच पहिली. पोटात जखम निघाली. जखम करणारा जंतू निघाला. डॉक्टर म्हणाले, औषधानं बरं होईल, पण हा जंतू वर्षानुवर्षं राहिला तर कधीकधी कॅन्सरही होऊ शकतो.

पुतण्या दाराशी उभा होता. त्यानं किती ऐकलं आणि मुद्दाम काय गाळलं, ते मला आजही सांगता येत नाही. पण अक्का घरी येईपर्यंत गावात बातमी पसरली होती. अक्काच्या पोटात कॅन्सरचे किडे निघाले, ते हातातून पिठात जातात, पिठातून माणसात.

खानावळ आठवड्याभरात ओस पडली. बाहेरगावच्या ड्रायव्हरांना शेजारचा ढाबेवालाच हात करून सांगायचा. भावकीत एक बारसं झालं. तिथं अक्काला वेगळ्या ताटात, वेगळ्या कोपऱ्यात वाढलं. ती ताट तसंच ठेवून उठून आली. माझी सासू मला म्हणाली, "तिथं जाऊ नगं. लेकराबाळाचं घर हाय आपलं." मी सकाळी उठून खानावळीत गेले.

अक्का रोज चूल पेटवायची. "कुणी येवो न येवो," म्हणायची, "धूर तर दिसू दे." भाकरी आम्ही दोघीच खायचो.

अशा रिकाम्या दुपारी सफरचंदाचा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर काश्मीरचा होता, उंच, लाल दाढीचा. त्याचीही हिंदी मोडकी, अक्काचीही मोडकी, म्हणून दोघांचं छान जमलं. ढाबेवाल्यानं त्याला हात करून सगळं सांगितलं होतं. तरी तो आत आला आणि बसला. अक्कानं विचारलं, "तुला भ्या न्हाई वाटलं?" तो म्हणाला, पोटाच्या कॅन्सरनंच त्याचे वडील गेले, चुलते गेले, त्यांच्या गल्लीत तर घरटी कोणीतरी गेलेलं. मीठ घातलेला चहा ते दिवसभर पितात, हिवाळ्यात वाळवलेली भाजी खातात, लोक त्यालाच दोष देतात. पण कोणी कोणाच्या हातचं खायचं सोडलं नाही. सोडलं असतं तर सगळा गाव उपाशी मेला असता.

अक्का त्याच्याकडं बघत राहिली. "घरटी एक," ती म्हणाली. "आमच्याकडं तर तसं न्हाई. मी कुणाचंच ऐकलं न्हाई पोटानं तसं मेलेलं. एखादा असंल." मग माझ्याकडं वळली. "मग त्यांच्याकडचा किडा येगळा अन् माझा येगळा का? विचारायला पायजे."

औषध संपल्यावर पुन्हा दाखवायला बीडला जायचं होतं. या वेळी तिनं पुतण्याला नेलं नाही. मी चौथी शिकलेली, एसटीची पाटी वाचता येते, म्हणून मला नेलं.

डॉक्टर तरुण होते. "कसं वाटतंय, मावशी?"

"अक्का म्हणा. पोट बरं हाय. गाव बरं न्हाई." आणि तिनं सगळं सांगितलं, त्या काश्मीरच्या ड्रायव्हरसकट.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हा जंतू आपल्याकडं बहुतेक सगळ्यांच्या पोटात असतो. लहानपणीच शिरतो. घरातल्या घरात, पाण्यातून, एखाद्या उष्ट्या घासातून. तुम्हाला आईनं घास चावून भरवला असेल ना?"

"भरवला. तुमाला न्हाई का भरवला?"

डॉक्टर हसले. "भरवला असणार. माझ्याही पोटात असेल."

अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "ऐकलंस का?" मी ऐकलं होतं.

"बहुतेकांना काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "काहींना जखम होते, तुमच्यासारखी. कॅन्सर फार थोड्यांना. पण काश्मीरकडं, तिकडं आसामच्या पलीकडच्या डोंगरात, मद्रासच्या बाजूलासुद्धा, तो आपल्यापेक्षा जास्त दिसतो. जंतू इकडंही कमी नाही, तरी आपल्या भागात कॅन्सर कमी. मीठ, धुरात ठेवलेलं खाणं, तंबाखू, जंतूची जात, बरंच काही सांगतात. नक्की कशानं, ते अजून कुणालाच सांगता येत नाही."

"म्हंजे तुमाला बी ठावं न्हाई."

"नाही."

"बरं झालं, सरळ सांगितलं." मग तिचा आवाज चढला. "पर समद्यांच्या पोटात हाय, तर मला एकटीलाच कावून धरलंय?"

"कारण नळी घालून घ्यायला तुम्ही एकट्याच आलात."

अक्का एवढ्या मोठ्यानं हसली की बाहेर बसलेले रोगी आत डोकावले. डॉक्टरांनी बजावलं, कमी म्हणजे नाही असं समजू नका, दुखलं तर लगेच या. ती "येते की" म्हणाली आणि उठली. परतीच्या एसटीत अख्खी वाट ती खिडकीकडं तोंड करून हसत होती.

अक्का आता नाही. बऱ्याच वर्षांनी ती झोपेत गेली, पोटाचं काही नव्हतं. खानावळ तिनं शेवटपर्यंत चालवली. तिच्या जागेवर आज टायरचं दुकान आहे. पण ती माझ्या डोळ्यांपुढं येते ती त्याच वर्षीच्या श्रावणातली.

आमच्याकडं श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी महादेवाच्या देवळात गावजेवण असतं. पोरं घरोघर जाऊन भाकरी गोळा करतात. देवळाच्या अंगणात मोठ्या चादरीवर सगळ्या भाकरी एकत्र कुस्करायच्या, वाढताना वर आमटी ओतायची. एकदा कुस्करलं की कोणाची भाकरी कुठं गेली ते कोणालाच कळत नाही. सगळा गाव तेच खाऊन उपवास सोडतो.

त्या वर्षी पोरं अक्काचं घर सोडून पुढं गेली. तिनं पहाटेच भाकरी करून ठेवल्या होत्या. दिवेलागणीला तिनं टोपली डोक्यावर घेतली, मला म्हणाली, "चल."

देवळाच्या दारात गुरव आडवा आला. हळूच म्हणाला, "अक्का, औंदा तुझ्या भाकरी राहू दे."

तिचा हात कानामागं गेला. "मोठ्यानं बोल."

त्यानं मागं वळून पाहिलं. मागून एकजण म्हणाला, "लेकरं जेवत्यात इथं. इचार कर जरा."

"केला की इचार. बीडला जाऊन करून आले." अक्कानं टोपली उतरवून पायरीवर ठेवली. "तो जंतू तुमच्या समद्यांच्या पोटात हाय. डाक्टरच्या बी पोटात हाय. आईनं चावून भरवलेल्या घासातून गेलेला हाय. तुमी नळी घातली न्हाई, म्हणून तुमी चोखट का?"

"देवळात हे काय पोटाचं काढलं, बाई?" तोच माणूस म्हणाला.

"पोटासाठीच जमलाव न्हवं? का दुसरं काही काम हाय?"

बायकांत कोणीतरी फिस्सकन हसलं. अक्कानं माझा दंड धरून मला पुढं ओढलं. "ही व्हती संगं. हिला इचारा. ही खोटं बोलत न्हाई. ही तर बोलतच न्हाई."

सगळा गाव माझ्याकडं बघत होता. समोर माझी सासू होती. तिनं विचारलं, "खरं हाय का गं?"

मी म्हणाले, "डाक्टर म्हणाले, बहुतेकांच्या पोटात असतो. आपल्या घरात बी असंल, आत्याबाई. आपल्याकडं त्यानं कॅन्सर लई कमी व्हतो, म्हणाले." एवढं सगळं मी जन्मात एका दमात बोलले नव्हते.

मग अक्का म्हणाली, "आता ऐका. मी दवा घेतली, माझा जंतू काढला. तुमचे हायेत तिथंच हायेत. तवा तुमच्या भाकरी मी खायच्या का न्हाई, ते आधी मला ठरवू द्या." आणि खरंच ती चादरीभोवती फिरू लागली, वाकून एकेका घराच्या भाकरी निरखू लागली. "ही कुणाची? जाड हाय. ही चालंल. ही बी चालंल, काय करता."

आता बायका उघड हसायला लागल्या. गुरवानं एकदा सगळ्यांकडं पाहिलं, अक्काची टोपली उचलली आणि चादरीवर पालथी केली. माझ्या सासूनं पदर खोचला, खाली बसली आणि भाकरी कुस्करायला लागली.

सगळेच जेवले असं मी म्हणणार नाही. काही जण पत्रावळ घेऊन अंधारात गेले, आणि देवळामागच्या कुत्र्यांचं त्या रात्री चांगलं झालं. पण पंगत बसली. अक्का मधोमध बसली, कोपऱ्यात नाही. वाढायला तिचा पुतण्याच होता. तो आमच्या ओळीत आला आणि अक्काच्या पत्रावळीवर वरून, हात लांब ठेवून, घास टाकायला लागला.

अक्कानं पत्रावळ मागं घेतली. घास खाली मातीत पडला.

"वरून टाकू नगं," ती म्हणाली. "वाकून वाढ."

पुतण्यानं इकडं तिकडं पाहिलं. ओळीतल्या कोणीच जेवायला सुरुवात केली नव्हती. तो वाकला. अक्कानं पत्रावळ पुढं केली, आणि वाढून होईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिली.

"अजून वाढ," ती म्हणाली.