आधी पत्रं, मग हकिगत

१४ डिसेंबर, शनिवार. नाताळच्या करंज्यांसाठी खोबरं भाजायला घेतलं होतं. खोबरं भाजताना कढईसमोरून हलायचं नसतं. आमच्या घरात तेवढंही जमत नाही. बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांनी हाक मारली.

"आगं, पाळकाला निरोप दे. उद्याला दुसरा वाचक बघ म्हणावं. मी न्हाई वाचणार."

मी काय झालं बघायला गेले आणि खोबरं करपलं.

सासरे फौजेतून निवृत्त झालेले. म्हसवडकडचं गाव सोडून आम्ही कराडला आलो, तेव्हापासून चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ तेच वाचतात. आवाज असा, की मागच्या बाकावर पेंगणारे जागे होतात. आदल्या संध्याकाळी सांगलीहून नव्याने आलेल्या पाळकांनी बायबलातला नवा करार कसा लिहिला गेला यावर वर्ग घेतला होता. तिथे सासऱ्यांना मीच नेलं, ही माझी हौस. पाळक म्हणाले, येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं पुस्तकात आधी छापलेली असली, तरी प्रेषित पौलाने ठिकठिकाणच्या मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेली पत्रं त्यांच्या आधीची आहेत. शुभवर्तमानं पुढे काही दशकांनी लिहिली गेली. तोवर येशूच्या गोष्टी लोक तोंडीच सांगत होते.

झालं. फौजी डोकं. रांगेत पुढे उभा तो सीनियर, हे त्यांच्यात मुरलेलं. पुस्तकातही पहिलं ते आधीचं, असंच ते जन्मभर धरून चालले होते.

"मंग मी इतकी वर्षं काय मागनं रचल्यालं वाचत हुतो व्हय?" एवढंच म्हणाले आणि पुढ्यातली भाकरी बाजूला सारली. काल रात्रीही जेवले नव्हते. हा माणूस पहाटे उठून तेच पुस्तक वाचणारा. आज ते कपाटातून निघालं नव्हतं.

आमचे हे पेपर घडी करत म्हणाले, "वर्गाला तूच नेलंस ना? मग तूच निस्तर." आणि पिशवी घेऊन मंडईत निघून गेले. भाजी कालच आणलेली होती.

मी करपलेल्या कढईसकट सासऱ्यांसमोर उभी राहिले.

"मामा, एकाहत्तरच्या लढाईतून घरी पत्रं पाठवत होतात ना?"

"मंग? पाठवत हुतो की."

"काय लिहायचात त्यात?"

"काय लिवणार? खुशाली. म्हस व्याली का, बांधावरनं भांडू नगा. तुकडीतल्या दोघा-तिघांची बी मीच लिवायचो, त्यांस्नी लिवाय येत न्हवतं. शेवटाला माझा बी नमस्कार घालायचो. गावात अंगणात बसून मोठ्यानं वाचायची, समदी गल्ली ऐकायची."

"आणि लढाई?"

"ती कशाला लिवू? सुट्टीवर आलो की सांगायचो."

"मग गेल्या वर्षी नातीला समोर बसवून सगळी लढाई लिहून घेतलीत, ती कशाला?"

"बरुबरचं गेलं गं एकेक. आता मी आन् त्यो आटपाडीवाला, दोगंच उरलो."

"म्हणजे ती मागून रचलेली."

"रचली?" त्यांनी काठी फरशीवर आपटली. "आगं, मी तिथं हुतो!"

"हो, पण लिहिणारी नात तिथे नव्हती. तुम्ही सांगितलं, तिने लिहिलं. मामा, पाळक दुसरं काय म्हणत होते? पत्रं कामापुरती, त्या त्या वेळी लिहिलेली. हकिगत तोंडी. बघितलेली माणसं जायला लागली, तेव्हा ती लिहून ठेवली."

त्यांनी काठी पुन्हा खुर्चीला टेकवली.

"त्यो आटपाडीवाला लिवंल ती येगळीच आसंल," ते म्हणाले. "नदी आदी मीच वलांडली म्हणंल. लय बाता मारतंय ते."

"तरी लढाई झालीच ना? शुभवर्तमानंही चौघांची चार ठेवलीत, ती काय उगाच?"

"लय शानी झालीस."

"उद्या वाचणार का?"

"करपल्याला वास येतुया," म्हणाले आणि तोंड फिरवलं. मी खोबरं फेकलं, कढई घासली आणि पुन्हा किसायला बसले. जेवायच्या वेळी त्यांनी भाकरी खाल्ली.

रविवारी सकाळी मी त्यांना काही विचारलं नाही. कोटाला इस्त्री केली, चष्मा पुसून खिशात ठेवला आणि कोट खुर्चीवर टांगला. आंघोळ करून आले आणि त्यांनी तो घातला. चर्चमध्ये त्या दिवशीचा पाठ पौलाच्या पत्रातला होता. उभे राहिले, पुस्तक उघडलं आणि वाचायच्या आधी सगळ्या मंडळीला सांगायला लागले, "ह्ये पत्र शुभवर्तमानाच्या आदीचं हाय. आता कसं, ते मी सांगतो." सांगण्यात म्हैस आली, नातही आली. पाळक घड्याळाकडे बघू लागले. आटपाडीवाला नदीपाशी पोचला, तेव्हा मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि उपासनेनंतरच्या चहाचं आधण ठेवलं.